खंडेनवमीची रिकामी पेटी

१

पेटी चालू होईना. हिमांशूनं बटण एकदा दाबलं, परत दाबलं, मग जुन्या टीव्हीला देतात तशी एक टपलीही देऊन पाहिली. ढिम्म. शेवटी त्यानं ती लॅबमधल्या पूजेच्या पाटावरून उचलली, आणि तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं की काहीतरी भलतंच झालंय. दोन हातांनी उचलायची पेटी कंपनीच्या मालकानं, हिमांशूसाहेबांनी, एका हातात धरली होती. वायर जायच्या भोकातून त्यानं मोबाइलचा उजेड आत मारला. आत नुसता पत्रा. पेटीचं काळीज, म्हणजे तो हिरवा बोर्ड, बॅटरीसकट गायब!

"कोणी हात लावायचा नाही!" हिमांशू ओरडला. "ठसे असतील. पोलीसच येऊन उघडतील आता."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. आपट्याची पानं वाटायला म्हणून कोणीतरी पिशवी आणली होती, ती तशीच टेबलावर पडून राहिली. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, जलवेध नावाची ही छोटीशी कंपनी. एकच गोष्ट बनवायची, पाण्याच्या टँकरवर बसवायची पेटी. टँकरमध्ये पाणी किती भरलं, कुठं रिकामं केलं, सगळं पेटी सांगणार. दुष्काळाचं साल, शहर चारी दिशांनी फुगतंय, नळाला आठवड्यानं पाणी. अशा वेळी ही पेटी सोन्यासारखी खपायला हवी. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पेटी धड चालत नव्हती, आणि कंपनीही. त्यातून आजच दुपारी बिडकीनकडच्या नव्या वसाहतीच्या पाण्याचा ठेका घेतलेलं मोठं गिऱ्हाईक पेटी बघायला यायचं होतं.

माणसांचं सगळं खातं कालिंदीताईकडं होतं. भरती, रजा, रुसवेफुगवे. वय पन्नाशीपलीकडं, जीभ तिखट, आणि कंपनीत पहिल्या दिवसापासून. हिमांशूच्या आईची ही मैत्रीण. चारचौघांत त्याला 'सर' म्हणायची, दार बंद झालं की 'अरे हिमांशू'.

त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सुदर्शन," तो म्हणाला. "दुसरं कोण असणार? लॅबच्या चाव्या दोनच. एक माझ्याकडं, एक त्याच्याकडं. मी परवा खंडेनवमीची पूजा झाल्या झाल्या सगळ्यांदेखत नाशिकला सासरी गेलो. वाटेत खायला धपाटे तुम्हीच बांधून दिलेत. आज सकाळी उतरलो तो थेट इथं. आणि हा पठ्ठ्या पूजेनंतर तासाभरानं लॅबला कुलूप लावून निघाला, वॉचमननं पाहिलंय. तुम्ही सगळ्यांशी बोला, चौकशीचा कागद तयार करा. तोवर मी गिऱ्हाइकाला कळवतो की चोरी झाली, थोडी मुदत द्या. संध्याकाळी पोलीस चौकीत तक्रार."

"अरे, पण तक्रार झाली की त्या पोराचा जन्म वाया गेला! कोण नोकरी देईल त्याला?"

"त्याचा विचार त्यानं करायचा होता. आणि हो, त्याच्या वडिलांनाही फोन केलाय मी सकाळीच."

कालिंदीताई त्याच्याकडं बघतच राहिली. तीस वर्षांचा कमावता इंजिनिअर, आणि याची तक्रार शाळेतल्या पोरासारखी बापाकडं! हे तिला मुळीच आवडलं नाही.

२

जलवेधमध्ये वर्षभर धुसफूस चालली होती, ही काही लपलेली गोष्ट नव्हती. साहेब केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. सोमवारी एक ठरायचं, गुरुवारी ते मोडायचं. कोणी अडचण सांगितली की 'निगेटिव्ह बोलू नका' हे ठरलेलं उत्तर. महिन्यातून एकदा सगळ्यांना गोळा करून 'मनमोकळं बोला' म्हणायचे, आणि जो मनमोकळं बोलायचा त्याची रजा नामंजूर व्हायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! त्यातल्या त्यात तोंड उघडायचा तो सुदर्शन नरवडे, पाचोडचा. म्हणून तो साहेबांच्या डोळ्यांत सलायचा.

कालिंदीताईनं आधी गाठलं व्यंकटरावांना. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, जोडणीचं काम बघायचे, आणि खंडेनवमीला पूजाही तेच सांगायचे. हिमांशूच्या वडिलांचे दोस्त, त्यामुळं मालकाविरुद्ध त्यांच्या तोंडून कधी शब्द निघायचा नाही.

"पोरगं तापट आहे, कालिंदी," ते म्हणाले. "पूजेच्या आदल्या दुपारी काय तमाशा झाला, पाहिलंस ना? सावनीनं तपासणी म्हणून सगळ्यांसमोर पेटी चालवून दाखवली. सरळ जागेवर बरोबर, पण जरा तिरकी धरली की अर्ध्या टाकीला भरलेली दाखवते. म्हणजे चढावर उभा केलेला टँकर अर्धाच भरला तरी हिशेब पूर्ण! सुदर्शन भडकला. म्हणाला, ही पेटी दाखवण्यापेक्षा विहिरीत टाकलेली बरी. हिमांशू म्हणाला, आधी विकू, मग दुरुस्त करू. नको नको ते बोलले दोघं. शेवटी हिमांशू पेटी काखोटीला मारून घरी गेला, डेमोची तालीम करतो म्हणून. सकाळी त्यानंच आणून पाटावर ठेवली. मी म्हटलं, चला, पूजा तरी शांततेत होऊ दे."

"आणि पूजेनंतर?"

"पूजेनंतर काय? पूजलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नसतो. नारळ फोडला, शिरा खाल्ला, मी घरी गेलो. यंत्र चालू करून बघायचा तर प्रश्नच नव्हता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चांगलं पोर गं. पण विहिरीत टाकतो म्हणाला होता, हे सगळ्यांनी ऐकलंय. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

सुदर्शन जेवणाच्या खोलीत एकटाच बसला होता. समोरचा डबा उघडलेलाही नव्हता.

"तू घेतलास बोर्ड?" कालिंदीताईनं आडवळण घेतलंच नाही.

"नाय."

"मग पूजेनंतर तासभर काय करत होतास?"

"ते नाय सांगणार."

"अरे, वेडा आहेस का? संध्याकाळी पोलीस चौकी आहे! तिथं असं बोललास तर संपलंच."

सुदर्शननं मान खाली घातली. टेबल उलथून टाकावं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण आवाज मात्र एकदम मऊ झाला. "ताई, मी एकटा नव्हतो तिथं. पण बाकीच्यांची नावं माझ्या तोंडून निघायची नाय. निघाली तर ह्यो माणूस त्यांचं वाटोळं करंल."

कालिंदीताई पुढं काही विचारणार, तेवढ्यात वॉचमन धापा टाकत आला.

"मॅडम, गेटवर एक म्हातारा आलाय. आत या म्हटलं तर येईना. नाव विचारलं तर म्हणतो, मी चोराचा बाप."

३

पुंजाराम नरवडे गेटबाहेर लावलेल्या एका टँकरच्या सावलीत, नळाखाली जरा ओल होती तिथं, उभे होते. धोतर, पांढरी टोपी, पायांत धुळीनं माखलेल्या वहाणा. सुदर्शन धावत आला तसे ते मागं सरकले. पोरानं वाकून पाय धरले तरी म्हाताऱ्याचा हात त्याच्या डोक्यावर गेला नाही.

"काका, अजून काही सिद्ध झालेलं नाही," ती म्हणाली. "चौकशी चाललीय."

"तुमची चालली आसंल, बाई. आमच्याकडली झाली बी." पुंजाराम कानाशी हात नेऊन बोलत होते. "मला कमी ऐकू येतं. फोन आला की मी ते आवाज मोठा व्हायचं बटण दाबतो. आज पाचोडचा बाजार. मी बद्रीनाथशेठच्या दुकानात हुभा. समोर आख्खं गाव. फोन वाजला, मी बटण दाबलं, अन् तुमचा सायब बोलला की तुमच्या पोरानं चोरी केली, आता पोलीस येतील. समद्यांनी ऐकलं. कांदे मोजणारा बी थांबला, बाई."

सुदर्शन त्यांच्या पायांशी तसाच बसून होता.

"पोरगं चोर नाय, हे मला ठावं हाय," म्हातारा म्हणाला. "पण मला ठावं असून काय करू? वरीसभर पाऊस नाय, तरी मी कुणापुढं मान खाली घातली नाय. आज घालून आलो."

कालिंदीताईनं त्यांना आत आणून बसवलं, पाणी दिलं, आणि तडक सावनीच्या टेबलाशी गेली. सावनी पेटीची तपासणी करायची. शांत पोरगी, पण सकाळपासून डोळे पुसत होती.

"रडणं पुरे. परवा लॅबमध्ये कोण कोण होतं?"

सावनीनं एकदा जेवणाच्या खोलीकडं पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडं. मग धरणाचं दार उघडावं तशी बोलायला लागली. "आम्ही सगळे होतो, ताई. व्यंकटराव सोडून सगळे. आम्ही एकदमच राजीनामा द्यायचा ठरवत होतो. चुकीची पेटी आम्ही विकणार नाही म्हणून. पेटीला कोणी बोटसुद्धा लावलं नाही, शपथ. पण सरांना कळलं की आम्ही मीटिंग घेतली, तर कोणालाच अनुभवाचं पत्र मिळणार नाही. म्हणून सुदर्शन गप्प आहे."

"आणि मला का नाही बोलावलंत?"

सावनीनं परत डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "तुम्ही सरांचं माणूस ना, ताई."

हे मात्र कालिंदीताईला झोंबलं. वर्षभर या पोरांच्या तक्रारी तिनंच ऐकल्या होत्या, आणि वर पोचवताना तिनंच त्यांची धार बोथट केली होती. 'पोरं जरा नाराज आहेत' एवढंच सांगायचं आणि चहा प्यायचा. पोरगी खोटं बोलत नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"हे मी सरांना सांगितलं तर ते म्हणतील, सगळे मिळून एकमेकांना वाचवताहेत," ती म्हणाली. "तोंडाच्या साक्षीनं भागायचं नाही. पूजेचे फोटो काढले होतेस ना? दाखव."

सावनीनं फोन पुढं केला. पाटावर उभी ठेवलेली पेटी, करपलेल्या झेंडूची माळ, पुढं नारळ. हिमांशू एका बाजूला, फोन कानाला. पेटीच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि स्वस्तिकाच्या खालच्या टोकापासून एक लांब लाल ओघळ.

"हे काय गं?"

"कुंकू पातळ झालं माझ्याकडून." एवढ्या रडण्यातही सावनी ओशाळली. "व्यंकटराव किती चिडवत होते. सगळा जिल्हा कोरडा, अन् तुझ्याच वाटीत एवढं पाणी कुठून आलं, म्हणाले. मी पुसायला गेले तर त्यांनी अक्षता टाकल्या. राहू दे म्हणाले, देवाला चालतं."

कालिंदीताईनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग फोन तसाच हातात घेऊन ती लॅबकडं निघाली. पेटीसमोर वाकून, हात पाठीमागं बांधून, ती बराच वेळ बघत राहिली. आणि मग मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! ही पेटी तर कोणी उघडलेलीच नाही!"

४

तिनं सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं. पुंजारामांनाही. हिमांशू आला तो तक्रारीचा मजकूर हातात घेऊनच.

"ताई, माझी इथं सही झालीय. तुमचा कागद जोडायचाय फक्त."

"जोडू. आधी एक सांग. सर म्हणत नाही मी आज, राग मानू नकोस. पूजेनंतर पेटी उघडून बोर्ड काढला, असंच तुझं म्हणणं ना?"

"मग काय! पूजा झाल्या झाल्या मी गेलो, त्यानंतरच झालं असणार."

"व्यंकटराव, या पेटीला उघडायची वाट किती?"

"एकच की. पुढचं झाकण. चार कोपऱ्यांत चार स्क्रू."

"मग हे बघा. चष्मा लावा नीट."

व्यंकटराव वाकले. स्वस्तिकापासून निघालेला ओघळ झाकणावरून खाली आला होता, कोपऱ्यातल्या स्क्रूवरून गेला होता, आणि झाकणाच्या सांध्यावरून उतरून पेटीच्या अंगावर थांबला होता. वाळून त्याचा कडक पापुद्रा झाला होता. स्क्रूची खाच कुंकवानं बुजलेली. सांध्यावर तर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला, अर्धा झाकणावर, अर्धा पेटीवर.

"स्क्रू फिरवायचा तर खाचेतलं कुंकू खरवडावं लागेल," कालिंदीताई म्हणाली. "झाकण काढायचं तर सांध्यावरचा पापुद्रा तडकेल. इथं साधी भेग नाही."

"नंतर परत काढलं असेल कोणी स्वस्तिक," हिमांशू म्हणाला. त्याचा आवाज मात्र बदलला होता.

"स्वस्तिक काढेल रे. ओघळ कसा काढेल? हा पूजेच्या वेळचा फोटो. वळण तेच, थांबलाय तिथंच, तांदळाचा दाणासुद्धा तोच. तू तिथंच उभा होतास, पण फोनवर होतास. तुला हा दिसलाच नाही." तिनं फोन व्यंकटरावांच्या हातात दिला. "म्हणजे पूजा झाली तेव्हाच ही पेटी रिकामी होती. तुम्ही पत्र्याची पूजा केलीत. हत्याराला हात लावायचा नाही, चालू करायचं नाही, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळं कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता. आणि आदल्या दुपारी सावनीनं हीच पेटी सगळ्यांसमोर चालवून दाखवली होती. मधल्या रात्री ती कुठं होती?"

उत्तर प्रत्येकाला माहीत होतं. व्यंकटरावांनीच ते शेवटी दिलं. "हिमांशू घेऊन गेला होता."

"ताई, पाच मिनिटं केबिनमध्ये येता?" हिमांशू म्हणाला.

"नाही. केबिनमध्ये वर्षभर बोलून झालं. इथंच बोल."

हिमांशू खुर्चीवर बसला. रागावला नाही, रडलाही नाही. एखादं थकलेलं माणूस बोलतं तसा बोलला. "गिऱ्हाईक टँकर चढावर उभा करून बघणार होतं. बघितलं असतं तर कंपनी त्याच दिवशी संपली असती. चोरी झाली म्हटलं की मुदत मिळाली असती. बोर्ड घरी आहे, कपाटात."

"आणि सुदर्शन?"

"तक्रार नंतर मागं घेणार होतो मी."

"अहो, चढावर चुकते हे मी तुम्हाला श्रावणात सांगितलं होतं!" सावनी ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. "तेव्हापासून रोज सांगतेय. तेव्हाच मुदत मागितली असती तर?"

कालिंदीताईनं तक्रारीचा कागद हिमांशूच्या हातातून घेतला आणि फाडला. "हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली. "कोणी हात लावू नका म्हणून तूच बजावलंस. सकाळी झाकण उघडलं असतंस, तर मी काय सिद्ध करणार होते?"

तो उठला, सुदर्शनसमोर गेला आणि म्हणाला, "सॉरी." सुदर्शननं नुसतं बापाकडं बोट दाखवलं. मग हिमांशू पुंजारामांसमोर गेला.

"काका, माझी चूक झाली. मला माफ करा."

म्हाताऱ्यानं कानाशी हात नेला, नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मला माफी मागून काय उपेग? मी कवा मानलं होतं? मानलं त्ये बाजारानं." त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि हिमांशूच्या हातात दिला. "बाजार आजून उठला नाय. बद्रीनाथशेठ हाय. सांगा त्याला."

हिमांशूनं कालिंदीताईकडं पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. पलीकडून फोन उचलला गेला आणि गलका ऐकू आला.

"कोण? पुंजाबापू का?"

"नाही. मी... जलवेधमधून बोलतोय. सकाळी फोन केला होता तो मी. सुदर्शननं चोरी केली नाही."

"आं? मग कुणी केली?"

सगळे बघत होते.

"मी. मीच बोर्ड काढून घरी नेला होता. मी हिमांशू सेलूकर, मालक."

मग बद्रीनाथशेठ म्हणाले, "थांबा जरा, सायब. मी स्पीकर चालू करतो. आता परत एकदा सांगा."